खाणीलगतच्या झऱ्याची नोंद ठेवताना या चुका टाळा

सिंधुदुर्गात लोहखनिजाच्या खाणींजवळ किंवा चिरेखाणींच्या आसपास झऱ्याचे पाणी घटल्याची तक्रार होते, तेव्हा गावाच्या हाती बहुधा मे महिन्यातले एखादेच मोजमाप असते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण झरा कमी पावसामुळेही आटतो आणि एकट्या आकड्यावरून खाणीचा संबंध सिद्ध होत नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून झिरपतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतो. जांभा उपसला की हा साठाच कमी होतो. मग ऐन पावसात झरा भरभरून वाहिला, तरी पाऊस थांबल्यावर तो पूर्वीपेक्षा लवकर ओसरू शकतो. म्हणून खरी माहिती ऑक्टोबर ते मे या काळातील ओसरण्याच्या वेगात असते. या काळात दर आठवड्याला, ठरलेल्या वारी प्रवाह मोजावा, गावातच पर्जन्यमापक ठेवावा आणि खाणीपासून दूर, तशाच सड्याखालच्या दुसऱ्या झऱ्याचीही नोंद ठेवावी. ही तुलना नसेल तर वर्षभराची मेहनत तक्रारीच्या सुनावणीत टिकणे अवघड आहे.

लहान झऱ्याला बादली आणि घड्याळ पुरते, मात्र सगळे पाणी पन्हळीतून बादलीत पडले पाहिजे. मोठ्या प्रवाहाला ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेली फळी लावतात. तेथे पाण्याची उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नये, कारण तेथे पाणी खाली झुकते. त्या उंचीच्या किमान चौपट अंतर मागे जाऊन, खाचेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून ती मोजावी. १० सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, तर ९ सेंटीमीटरला सुमारे ३.४ लिटर पाणी वाहते. एका सेंटीमीटरच्या चुकीने जवळजवळ पाव प्रवाह नाहीसा दिसतो.

गुणवत्तेच्या बाबतीत कोळसा खाणींची तपासणी-यादी जशीच्या तशी उचलू नये. कोळशासोबतच्या गंधकयुक्त खनिजांमुळे तेथे आम्लता आणि सल्फेट यांना महत्त्व असते; येथे मुख्य चिंता तांबड्या गाळाची, लोहाची आणि मँगनीजची आहे. जांभ्यातले पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे ६ सामू (पीएच) दिसताच खाणीला दोष देणे घाईचे ठरेल. सामू आणि विद्युतवाहकता झऱ्यावरच मोजावी. लोहासाठी दोन बाटल्या घ्याव्यात, एक गाळलेल्या आणि दुसरी न गाळलेल्या पाण्याची, आणि दोन्हींत प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल घालावे. आम्ल घालण्याआधी गाळले नाही, तर गाळातले लोहही विरघळून विरघळलेल्या लोहाचा आकडा फुगतो.

केवळ कोरड्या दिवशी नमुने घेणेही टाळावे, कारण गढूळपणा जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींत वाढतो आणि काही तासांत निवळतोही.