पफचा टाका फुगत नव्हता, तो असा जमला

क्रोशाच्या जाळीदार शालीसाठी पफचा टाका घेतला होता, म्हणजे एकाच टाक्यात बरेच लांब फासे ओढून एकत्र बांधलेला फुगीर टाका. दोन पफच्या मध्ये एक साखळी, म्हणजे वीण मोकळी आणि तरीही उठावदार. पण पफ चपटे बसत, एकीकडे कलत आणि शेवटी सगळ्या फाशांतून दोरा काढताना सुई अडकायची.

फरक पडला तो फाशांच्या उंचीने. सुईला वेढा, टाक्यात सुई, दोरा वर ओढायचा. हे त्याच टाक्यात ४ वेळा केलं की सुईवर आधीचा एक धरून ९ फासे होतात. प्रत्येक फासा खांबाच्या, म्हणजे क्रोशाच्या उभ्या उंच टाक्याच्या, उंचीइतका लांब हवा. मग फाशांचा बुडखा चिमटीत धरायचा, सुईचं तोंड खाली वळवायचं आणि एका दमात दोरा काढायचा. लगेच एक साखळी, अगदी घट्ट. हीच पफचं तोंड बांधते. ती सैल राहिली की पफ कलतोच. जाळीची साखळी वेगळी, ती नेहमीच्या हाताने.

घट्ट पिळाचा दोरा मला इथे आवडत नाही, पफ कडक होतो. दोऱ्याच्या लेबलवर दिलेल्या सुईच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड सुई घेतल्यावर जाळीही खुलली. सुती किंवा लोकरीचं काम असेल तर ओलं करून, टाचण्यांनी ताणून वाळवा. इस्त्री मात्र फिरवू नका, पफ दबतात.