विस्थापितांच्या छावणीतील आरोग्यव्यवस्था : या चुका टाळा

जुलै १९९४ मध्ये रवांडातून जीव वाचवून पळालेले लाखो लोक अवघ्या चार-पाच दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा शहराभोवती येऊन थांबले. पुढच्या एका महिन्यात त्यांतील जवळजवळ ५०,००० माणसे दगावली. आधी कॉलरा आला आणि त्यापाठोपाठ शिगेला जंतूंमुळे होणारी रक्ती हगवण आली. मदत पोचलीच नव्हती असे नाही. विमाने उतरत होती, डॉक्टर येत होते, तंबू उभे राहत होते. तरीही बहुतेक मृत्यू उपचार केंद्रांच्या बाहेर झाले. चटयांत गुंडाळलेली प्रेते रस्त्याच्या कडेला ठेवलेली असत आणि ट्रक येऊन ती उचलून नेत. किती माणसे मेली याचा अंदाजसुद्धा मुख्यतः या ट्रकांनी उचललेल्या प्रेतांच्या मोजणीवरून बांधावा लागला.

युद्ध, भूकंप किंवा पूर यांमुळे घरदार सोडावे लागलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने गोम्याचा अनुभव समजून घेतला पाहिजे. छावणीतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते : आपण दवाखाना थाटतो आणि रुग्ण चालत येईल म्हणून वाट पाहत बसतो. जो येत नाही, येऊ शकत नाही किंवा ज्याला कोणी आणत नाही, तो आपल्या हिशेबातून निसटतो. खालील चुका याच दृष्टीने वाचाव्यात.

मृत्यूंची मोजणी दवाखान्याच्या रजिस्टरवरून करणे

दवाखान्याचे रजिस्टर दवाखान्यात काय घडले एवढेच सांगते. छावणीत परिस्थिती हाताबाहेर जात आहे की नाही, हे ओळखण्यासाठी दर दहा हजार लोकसंख्येमागे रोज किती मृत्यू होतात हे पाहावे लागते. एक मृत्यू ही धोक्याची पातळी मानली जाते. पाच वर्षांखालील मुलांसाठी ती दोन आहे. म्हणजे ४०,००० लोकांच्या छावणीत रोज चार किंवा आठवड्यात २८ मृत्यू होऊ लागले की सगळी कामे बाजूला ठेवून कारण शोधायला हवे. गोम्यात हाच दर वीसच्याही वर गेला होता.

हा दर काढायचा तर आधी लोकसंख्या ठाऊक हवी, आणि नेमकी तिथेच गडबड होते. शिधापत्रिकांच्या संख्येवरून लोकसंख्या धरली, तर दुबार नोंदी आणि राहून गेलेली कुटुंबे या दोन्हींमुळे आकडा चुकतो. शिवाय शिधा कमी होईल या भीतीने अनेक कुटुंबे घरातला मृत्यू लपवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उपाशी घराने दुसरे काय करावे? म्हणून मृत्यूंची नोंद शिधावाटपापासून पूर्णपणे वेगळी ठेवावी. दफनभूमीवर किंवा स्मशानात चोवीस तास एक माणूस नेमून नव्या खड्ड्यांची आणि चितांची मोजणी करावी. प्रत्येक विभागात त्याच लोकांमधून निवडलेल्या स्वयंसेविका असाव्यात, आणि त्यांनी रोज ठरावीक झोपड्यांत जाऊन कोण आजारी आहे आणि कोण गेले एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

टँकर आला की पाण्याचा प्रश्न सुटला असे मानणे

माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, राहत्या जागेपासून ५०० मीटरच्या आत नळ, एका नळामागे फार तर २५० माणसे आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, अशी मानके जगभर ठरलेली आहेत. ती पाळण्यासाठी आधी जागा नीट निवडावी लागते. गोम्याजवळच्या किबुंबा छावणीत पाण्याचा एकही स्रोत नव्हता. सगळे पाणी टँकरने आणावे लागे. भोवतालची जमीन कठीण ज्वालामुखी खडकाची असल्यामुळे विहीर खणता येईना आणि संडासाचा खड्डाही खणता येईना. गोमा शहरालगत थांबलेल्या लोकांनी सुरुवातीला तिथल्या किवू सरोवराचेच पाणी प्यायले, आणि कॉलरा पसरला.

मात्र पाणी पुरेसे आणि शुद्ध असले तरी चूक पुढच्या टप्प्यावर होते. टाकीच्या तोटीला पाणी तपासले, ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळा रंग आला, वहीत नोंद झाली आणि कर्मचारी निघून गेला, इथपर्यंत सगळे बरोबर असते. तेच पाणी रुंद तोंडाच्या बादलीत भरून झोपडीत ठेवले जाते. दुपारी जुलाब होत असलेल्या लेकराला धुऊन आई उठते आणि तहानलेल्या दुसऱ्या मुलासाठी पेला बादलीत बुडवते. तिची बोटे पेल्याबरोबर पाण्यात जातात. हात धुवायला तिच्याजवळ साबण नसतो, असला तर पाणी नसते. तोटीपाशी शुद्ध असलेले पाणी तिथे दूषित होते. मलावीतील न्यामिथुथु छावणीत १९९३ मध्ये झाकण आणि तोटी असलेल्या बादल्या देऊन पाहिल्या, तेव्हा त्या वापरणाऱ्या घरांत लहान मुलांच्या जुलाबाचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. एका साध्या बादलीने साधलेली ही घट मला कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटते.

म्हणून क्लोरीन टाकीपाशी तपासावेच, पण रोज काही झोपड्यांतल्या साठवणीच्या पाण्यातही तपासावे. नळावर दर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. झोपडीत ते सापडत नसेल, तर नेमके काय बिघडले हे क्रमाने पाहावे. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) उघडी राहिली होती का? ताज्या पावडरमधले सुमारे ३३ टक्के क्लोरीन ऊन आणि दमट हवेने झपाट्याने उडून जाते, आणि मग ठरलेले माप घालूनही उपयोग होत नाही. पाणी गढूळ होते का? तसे असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, कारण क्लोरीन गाळातच खर्च होते. पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबले होते का? हे सगळे ठीक असेल, तर दोष भांड्यात आहे असे समजावे आणि त्याच आठवड्यात भांडी बदलून द्यावीत.

संडास बांधले, म्हणजे वापरले जातात असे समजणे

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सुमारे सात लाख रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. घाईत हजारो संडास आणि उथळ हातपंप उभे राहिले. अनेक ठिकाणी ते एकमेकांना खेटून होते. खड्डे लवकर भरले आणि उतारावरून मैला पंपाकडे झिरपू लागला. संडासाचा खड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर राहावा, हा नियम पहिल्या दिवशी मोडला की नंतर तो दुरुस्त करणे फार कठीण जाते. खड्डा खणतानाच तो उपसणार कोण आणि मैला टाकणार कुठे, हे ठरवून ठेवावे.

पहिल्या काही दिवसांत ५० माणसांमागे एक आणि पुढे २० माणसांमागे एक संडास हे प्रमाण ठीकच आहे. पण दाराला आतून कडी नसेल, वाटेवर दिवा नसेल आणि बायकांचे संडास पुरुषांच्या संडासांत मिसळलेले असतील, तर बायका अंधार पडल्यावर तिकडे जात नाहीत. रात्री जावे लागू नये म्हणून त्या दुपारपासून पाणी पिणेच कमी करतात. संडास कुठे हवा, हे खणण्यापूर्वी त्यांना विचारावे.

जुलाबाच्या रुग्णाला सलाइनसाठी ताटकळत ठेवणे

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण दोन खोल्यांच्या जमिनीवर दाटीने पडलेले होते, आणि त्यांना सलाइन लावायला जाणाऱ्याला मैला आणि ओकारीतच गुडघे टेकावे लागत. सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी एक लिटर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण कोलकात्यात पाकिटांत भरून घेतले, ते पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. आई मुलाला पाजत होती, भाऊ भावाला पाजत होता. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. (आजच्या ओआरएस म्हणजे जलसंजीवनीच्या पाकिटातील घटकांचे प्रमाण वेगळे आहे, ते पाकीटच वापरावे.)

त्यानंतर तेवीस वर्षांनी गोम्यात मात्र काही उपचार केंद्रांत कॉलऱ्याचे रुग्ण मोठ्या संख्येने दगावले. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातील तज्ज्ञांनी तिथे जाऊन कारणे शोधली : शरीरातले पाणी फार संथ गतीने भरून काढले जात होते, तोंडावाटे द्यायच्या मिश्रणाचा वापर अपुरा होता, शिरेतून दिली जाणारी सलाइने चुकीच्या प्रकारची होती आणि कर्मचाऱ्यांना कॉलऱ्याचा अनुभव नव्हता. डोळे खोल गेलेल्या, नाडी लागत नसलेल्या माणसाला थेंबथेंब टपकणारी एक बाटली लावून पुढच्या खाटेकडे वळणे, ही त्या केंद्रांत घडलेली चूक आपल्याकडेही सहज घडू शकते. अशा ५० किलोच्या रुग्णाला तीन तासांत पाच लिटर रिंगर लॅक्टेट (क्षार असलेले सलाइन) लागते आणि त्यातले दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात जायला हवे. एक वर्षाखालील बाळांना वजनाच्या याच प्रमाणात सलाइन सहा तासांत विभागून द्यावे. नुसते ग्लुकोजचे सलाइन इथे कामाचे नाही. ज्याला पिता येते, त्याला लगेच पाजायला सुरुवात करावी. त्यासाठी मुख्य केंद्राची वाट न पाहता झोपड्यांच्या मधोमध, चालत पाच-दहा मिनिटांवर, ओआरएस पाजण्याच्या जागा उघडाव्यात आणि रात्रीही त्या चालू ठेवाव्यात, कारण कॉलऱ्याचा रुग्ण सकाळपर्यंत टिकेलच असे नाही.

गोवराची लस साथ येईपर्यंत लांबवणे

दाटीवाटीत गोवर वणव्यासारखा पसरतो आणि कुपोषित मुलांचा जीव घेतो. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर फिलिपाइन्समधील निवारा केंद्रांत आलेल्या एटा आदिवासींची कितीतरी मुले गोवराने गेली. म्हणून पहिला रुग्ण सापडण्याची वाट न पाहता सहा महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला लस द्यावी आणि लहानग्यांना सोबत अ जीवनसत्त्वाचा डोस द्यावा. कार्ड मागू नये, जन्मतारखेचा पुरावा मागू नये. नऊ महिन्यांच्या आत लस मिळालेल्या बाळाला नववा महिना भरल्यावर पुन्हा द्यावी. लोक कुठून आले आणि तिथे लसीकरण कसे होते, हेही पाहावे : कॉक्स बाजारमध्ये नोव्हेंबर २०१७ पासून घटसर्पाची साथ आली, कारण आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना नियमित लसी कधी मिळालेल्याच नव्हत्या.

पोत्यांवरून पोषण मोजणे

रोज माणशी २,१०० उष्मांक ही गरज कागदावर पूर्ण झाली, तरी आहार पुरेसा असेलच असे नाही. १९९० मध्ये मलावीतील मोझांबिकच्या निर्वासितांच्या शिध्यातून शेंगदाणे बंद झाले, उरला मुख्यतः मका, आणि नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे १८,००० हून अधिक लोकांना पेलाग्रा हा आजार झाला. शिधा कमी करताना कोणता जिन्नस कमी होतो आहे, हे त्यासाठीच विचारायचे असते.

शिधा कोणाच्या हातून जातो, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. गोम्यात सुरुवातीला धान्य रवांडातील जुन्या प्रशासनाच्या पुढाऱ्यांमार्फत वाटले गेले, आणि ज्या कुटुंबांची प्रमुख बाई होती, त्यांच्या मुलांमध्ये कुपोषण जास्त आढळले. धान्य थेट कुटुंबाच्या हाती द्यावे आणि शक्यतो घरातल्या बाईच्या नावे द्यावे.

बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे वाटण्याची चूक तर भल्या भावनेने केली जाते. इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे २००६ मध्ये झालेल्या भूकंपानंतर ज्या बाळांना देणगीतील पावडर मिळाली, त्यांच्यात जुलाबाचे प्रमाण इतर बाळांच्या सुमारे दुप्पट होते. आईला बसायला आडोसा, पोटभर जेवण आणि एखाद्या अनुभवी बाईचा धीर मिळाला, तर ती पाजू शकते. पावडर लागलीच, तर ती फक्त आई नसलेल्या किंवा खरोखर पाजू न शकणाऱ्या आईच्या बाळासाठी, आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली द्यावी.

रोजच्या गोळ्या आणि बाळंतपणे विसरणे

घर सोडताना औषधाची पिशवी मागे राहते. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, एचआयव्ही आणि अपस्माराच्या रुग्णांची यादी पहिल्या आठवड्यातच करावी आणि कोणाचे उपचार किती दिवसांपासून बंद आहेत हे तिच्यात लिहावे. गरोदर बायकांचीही तशीच यादी करावी, आणि रात्री कळा सुरू झाल्यावर कोणती गाडी येणार, ती चालवणार कोण, हे आधीच ठरवावे.

छावणी रिकामी झाली की काम संपले असे मानणे

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत पुरामुळे लाखो लोकांना घर सोडून शाळा आणि मंगल कार्यालयांत राहावे लागले. अशा प्रसंगी पाणी ओसरले की लोक लगेच परततात, वैद्यकीय पथके निघून जातात, आणि नेमके तेव्हाच लोक अनवाणी चिखल उपसायला लागतात. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका त्या दिवसांत सर्वाधिक असतो. आशा सेविकांनी पुढचा महिनाभर गावात रोज तापाची विचारपूस करावी, आणि ताप, अंगदुखी आणि लाल डोळे असलेल्या माणसाला चिखलात काम केले होते का, हे विचारून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पूर शिरलेल्या विहिरींचे पाणी लोक परतण्यापूर्वी उपसून टाकावे, टीसीएल घालावी, अर्ध्या तासाने ओटी चाचणी घ्यावी आणि पिवळा रंग येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी भरू देऊ नये.