आईच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढताना

आईची स्मरणिका काढायची हे बहुतेक घरांत तेराव्यालाच ठरते, पण काम सुरू होते शेवटच्या महिन्यात. मग घाईत जे छापून येते ते कुठल्याही आईला लागू पडते: प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक, त्यागमूर्ती. नाव आणि फोटो बदलला की तीच पुस्तिका शेजारच्या घरी चालेल. आपली आई वाचणाऱ्याला दिसायला हवी असेल, तर विशेषणे बाजूला ठेवून ती काय करायची, किती वाजता, कोणाबरोबर, कोणासाठी, एवढेच गोळा करत जावे. त्याला सहा ते आठ महिने लागतात.

पहिल्यांदा तिथी पक्की करा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने वर्षश्राद्धाची तिथी इंग्रजी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला तर ती पुढे सरकते आणि घराण्याप्रमाणे रीतही बदलते. त्यामुळे छापखान्याला दिवस सांगण्याआधी गुरुजींना विचारावे. घर सोलापुरात असेल तर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे ग्रामदैवत सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांच्या मिरवणुका यांत शहर गुंतलेले असते. आषाढी-कार्तिकीला भजनी मंडळाच्या बायका पंढरपुरात असतात. या दिवसांत कोणाच्या भेटी ठरवू नयेत.

साल कसे काढायचे

जुन्या पिढीतल्या बायकांच्या आयुष्याच्या तारखा कागदावर फारशा सापडत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी अंदाजाने लावलेली असते, तिच्यावर विसंबू नये. रेशनकार्ड, विडी कामगाराचे ओळखपत्र आणि मजुरीचे पुस्तक, देवस्थानच्या देणगीच्या पावत्या, लग्नपत्रिका, घरात शिल्लक असतील ते कागद एका पिशवीत जमा करा. नाशिक-त्र्यंबकला घरचे कोणी विधीला गेले असेल, तर तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याची नावे मिळू शकतात.

बाकीचे लोकांच्या आठवणीतून काढावे लागते. “कोणत्या साली?” असे विचारले की समोरची म्हातारी गप्प होते. “बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?” असे विचारले की लगेच सांगते. १९७२ चा दुष्काळ, १९७९ मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कोसळली ती वेळ, १९८४ मध्ये इंदिरा गांधी गेल्या तो दिवस, १९९३ मध्ये अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झालेला किल्लारीचा भूकंप, १९९५ मध्ये गणपती दूध प्याला तो दिवस. या पाच खुणांच्या आधाराने बहुतेक प्रसंग काही वर्षांच्या आत बसतात. साल नक्की नसेल तर “१९७५ च्या सुमारास” असेच छापावे. छापलेले साल पुढच्या पिढीला खरेच वाटते.

लोकांकडे जाताना

भेटायच्या माणसांची यादी वयाप्रमाणे लावा आणि सर्वांत म्हाताऱ्यांकडे आधी जा. नातेवाइकांइतक्याच भजनातल्या सोबतिणी, बचत गटाच्या बायका, एका ओळीत बसून विडी वळणाऱ्या, गल्लीतला दुकानदार, देवळाचे पुजारी महत्त्वाचे. घरच्यांना न सांगता तिने केलेल्या गोष्टी याच लोकांना माहीत असतात.

“आई कशी होती?” हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेले येते: “देवमाणूस हो!” त्याऐवजी बारीक विचारा. तुमच्याकडे यायची तेव्हा पुढच्या दाराने की मागच्या? हातात काय असायचे? तुमच्या घरी बाळंतपण झाले तेव्हा ती किती दिवस येत होती? भांडण मिटवायला कोणाला बोलवायचे? ती कशावर चिडायची? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवा. चिडणारी आई वाचकाला लगेच ओळखू येते, आणि सांगणाऱ्याचीही जीभ मोकळी होते.

आवाज मोबाइलवर घ्यायला हरकत नाही, पण फोन विमान मोडवर टाकून सांगणाऱ्यापासून वीतभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे शक्य नसते आणि कूलरच्या आवाजात शब्द बुडतात. म्हणून एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत बसावे. सुरुवातीला दिनांक आणि सांगणाऱ्याचे नाव बोलून घ्या. पाऊण तासाच्या वर ताणू नका, हवे तर परत जा. भजनाचे रेकॉर्डिंग करायचे असेल तर फोन आठ-दहा फूट लांब ठेवा, नाहीतर टाळांच्या आवाजाने सगळे फाटते.

श्रद्धेविषयी लिहिताना “अत्यंत धार्मिक होत्या” यावर थांबू नये. पहाटे कधी उठायची, पोथी कोणती, रोज किती वाचायची, वाचता येत नसेल तर कोणाकडून ऐकायची. सोमवार की शुक्रवार, उपवासाला काय खायची. सिद्धरामेश्वराच्या देवळात आठवड्यातल्या कुठल्या वारी जायची, चालत की बसने. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापल्याचे मानतात त्या अडसष्ट लिंगांची प्रदक्षिणा केली होती का. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर यांपैकी कुठला नवस आणि तो कशासाठी. नवसाचे कारण खाजगी असेल तर गाळावे. तिची भजनाची वही असेल तर तिची चार पाने जशीच्या तशी, तिच्या अक्षरात आणि तिच्या शुद्धलेखनासह छापा. अख्ख्या स्मरणिकेत लोक तेच पान सर्वांत जास्त वेळ पाहतात.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्याकडच्या अनेक घरांत आई घरी तेलुगू किंवा कानडी बोलायची आणि अभंग मराठीत म्हणायची. तिची वाक्ये मराठीत ओतू नका. देवनागरीत तिच्याच भाषेत लिहून खाली अर्थ द्या. घरी अम्मा किंवा अव्वा म्हणत असतील तर स्मरणिकेतही तेच राहू द्या. मुलांच्या लेखात “आई म्हणायची”, सोबतिणीच्या लेखात “काकू म्हणायच्या”, जो जसे हाक मारत होता तसे. एकाच लेखात मात्र एकेरी-आदरार्थी यांची सरमिसळ नको.

तिने केलेल्या मदतीबद्दल लिहिताना फार जपावे. कोणाच्या फीचे पैसे भरले, कोणाच्या मुलीला महिनाभर घरी ठेवून घेतले, हे त्या माणसाने स्वतः होकार दिल्याशिवाय नावानिशी येऊ नये. “गल्लीतल्या एका मुलीच्या” एवढे पुरते. आईचा मोठेपणा दाखवताना दुसऱ्याचा कमीपणा छापला गेला, तर आईलाच ते आवडले नसते. आजारपणाचे तपशील, जमिनीचे वाद, आधार क्रमांक हेही बाहेर ठेवा.

फोटो आणि छपाई

जुना फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा; पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० ला. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, त्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट सावलीत ठेवून, फ्लॅश बंद करून, किंचित तिरका फोटो घ्या. व्हॉट्सअॅपवर मागवताना “डॉक्युमेंट” म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर ठिपके दिसतात. मागे पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते, पाकिटावर लिहा.

ए-५ आकार हातात धरायला सोपा. मध्ये पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ३२ ते ४८ पाने भरपूर झाली. कागदाचे वजन जीएसएममध्ये मोजतात: मजकुराला ९० जीएसएम मॅपलिथो (साधा छपाईचा कागद), फोटोंच्या पानांना १३० जीएसएम आर्ट पेपर, मुखपृष्ठाला २५० ते ३००. सत्तर जीएसएमवर मागचा मजकूर दिसतो. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, वाचणारे साठीच्या पुढचे असतात.

खरी अडचण फॉन्टची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप करता आणि अनेक छापखाने जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात जोडाक्षरे, रफार आणि “ऱ्या” मोडतात. म्हणून तपासणी बदलानंतर, कागदावर आणि दोन वेगळ्या माणसांकडून व्हावी. नावे त्या-त्या घरी दाखवून घ्या. परिवाराच्या यादीत सुना, जावई, लेकीकडची नातवंडे राहून जातात आणि नाराजी वर्षानुवर्षे टिकते. क्रम वयाचा ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

प्रती घरांप्रमाणे मोजा, माणसांप्रमाणे नव्हे. वर दहा टक्के जास्त. मजकूर वर्षश्राद्धाच्या सहा आठवडे आधी छापखान्यात गेला पाहिजे, लग्नसराईत किंवा दिवाळीआधी असेल तर आठ. वाटपानंतर एक प्रत भजनी मंडळाला, एक माहेरच्या गावी द्या. रेकॉर्डिंग आणि स्कॅन दोन वेगळ्या घरांत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दरवर्षी पुण्यतिथीला ते लावून बघा. न वापरता पडून राहिलेला पेनड्राइव्ह एखाद्या दिवशी उघडतच नाही.