स्नोस्टॉर्मचा अंदाज डळमळीत असताना घराघरांत होणाऱ्या चुका

२६ जानेवारी २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कने इतिहासात पहिल्यांदा बर्फासाठी सबवे बंद केला. अंदाज वीस ते तीस इंचांचा होता. सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. लाँग आयलंडवर मात्र त्याच वादळाने दोन फूट बर्फ टाकला. म्हणजे वादळ आलं होतं, फक्त त्याची पश्चिमेकडची कड थोडी पूर्वेला सरकली होती. पण लोकांनी अर्थ काढला तो एवढाच, की वेदरवाल्यांचं काही खरं नसतं. पुढच्याच जानेवारीत सेंट्रल पार्कात २७.५ इंच बर्फ पडला. तिथल्या नोंदींमधला हा सगळ्यात मोठा आकडा.

न्यू जर्सीत ही अनिश्चितता जरा जास्तच वाट्याला येते. नॉरईस्टर, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरचं हिवाळी वादळ, किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकतं आणि पाऊस कुठे संपतो नि बर्फ कुठे सुरू होतो ती रेषा बरेचदा आय-९५ या हायवेच्या आसपास घुटमळते. इथली आपली बरीच मराठी मंडळी एडिसन-प्रिन्स्टनच्या त्याच पट्ट्यात राहतात. तेव्हा अंदाज बदलत राहणार हे धरूनच तयारी करावी लागते.

चूक पहिली : फोनवरचा एकच आकडा धरून बसणं

ॲप एक आकडा दाखवतं, तोही दर काही तासांनी बदलतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो तो नकाशा तर हमखास सगळ्यात भीतिदायक असतो. त्यापेक्षा नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी हवामान खात्याच्या, स्थानिक कार्यालयाचं पान उघडा. तिथे किमान किती बर्फ धरून चालायचा, जास्त शक्यता कितीची आणि फारच बिघडलं तर किती, असे तीन वेगळे नकाशे असतात. पहिल्या आणि तिसऱ्यात दोन इंच ते चौदा इंच एवढं अंतर दिसलं, तर मधल्या आकड्यावर फार विसंबू नका.

‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ या त्यांच्या दोन इशाऱ्यांतही गल्लत होते. वॉच म्हणजे शक्यता बरीच आहे, वॉर्निंग म्हणजे आता जवळजवळ नक्की. बरेच जण वॉर्निंग लागल्यावर हलतात आणि तोवर दुकानातलं बर्फ वितळवायचं मीठ संपलेलं असतं. माझं मत सरळ आहे : जे वाया जात नाही ते वॉच लागताच करून टाकावं. औषधांचं रिफिल, बाळाचं फॉर्म्युला, गाडीत पेट्रोल, पॉवर बँक, टॉर्चचे सेल. वादळ हुकलं तरी यातलं काहीच फुकट जात नाही. प्रवास रद्द करणं, ऑफिसला कळवणं, मुलांची सोय लावणं हे वॉर्निंगपर्यंत थांबू शकतं.

चूक दुसरी : इंच मोजून तयारी करणं

सगळ्यात महागात पडते ती ही. २०११ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या ईशान्येला बर्फ पडला, तेव्हा सेंट्रल पार्कातला आकडा जेमतेम तीन इंच होता. पण झाडांवर अजून पानं होती आणि बर्फ ओला, जड. फांद्या तारांवर कोसळल्या आणि लाखो घरांची वीज गेली. कनेटिकटमध्ये काही घरं आठवड्याहून जास्त काळ अंधारात होती. कडक थंडीतला भुसभुशीत फूटभर बर्फ परवडला, पण शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासचा पाच-सहा इंच ओला बर्फ आणि त्यावर वारा नको. गोठणारा पाऊस तर पाव-अर्धा इंचही पुरतो. त्यामुळे अंदाज वाचताना इंचांच्या आधी तापमान, वारा आणि ‘आइस’ हा शब्द शोधा. खरी तयारी करायची ती वीज जाण्याची.

इथेच ‘आमचं हीटिंग गॅसवर आहे’ हा भ्रम उघडा पडतो. गॅस असला तरी फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा, पंखा आणि कंट्रोल विजेवरच चालतात. वीज गेली की घर थंड पडणारच. सगळ्यांनी एकाच खोलीत यावं, दाराखाली टॉवेल लावावा, पांघरुणं तिथे आणावीत.

आणि मग होते ती जिवावरची चूक : घर ऊबदार करायला गॅसचे बर्नर पेटते ठेवणं, कोळशाची शेगडी किंवा ग्रिल आत आणणं, गॅरेजमध्ये गाडी किंवा जनरेटर चालू करणं. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी हे चालत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली, तेव्हा ह्यूस्टन परिसरात अशा घरांतून कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली. या वायूला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि घरचे म्हणतात थंडी बाधली. जनरेटर बाहेर, घरापासून किमान २० फूट, धूर खिडकीकडे येणार नाही असा. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरमध्ये नवे सेल आजच घाला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. नव्या फर्नेसचा धूर भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या पाइपातून जातो. तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतो आणि बर्फ साचला की बुजतो. वादळाआधी तो कुठे आहे ते पाहून ठेवा आणि बर्फ पडत असताना मधूनमधून मोकळा करा.

नळ, आणि डिसेंबरातली भारतवारी

टेक्सासात त्याच थंडीत घरोघरी पाइप फुटले. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळातून पाण्याची बारीक धार सोडा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो का, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. गोठलेला पाइप हेअर ड्रायरने सोडवावा, ज्योत लावून कधीच नाही.

सुटीत महिनाभर पुण्या-नाशिकला जाताना बिल वाचवायला हीटिंग बंद करून जाणारे असतात. थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरेनहाइटच्या खाली नेऊ नका, मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

स्वयंपाकघर आणि फावडं

ब्रेड-दुधाच्या रांगेत उभं राहायची आपल्याला तशी गरज नसते. वीस पौंडांची कणीक आणि डाळ-तांदूळ घरात असतातच. पण शेगडी इलेक्ट्रिक असेल तर त्या कणकेचं करणार काय? दशम्या, ठेपले, चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी असं न शिजवता खाता येईल ते आदल्या दिवशी करून ठेवा. आईबाबा आले असतील तर त्यांच्यासाठी थर्मास भरून गरम पाणी ठेवा. प्यायला आणि वापरायला मिळून माणशी रोज एक गॅलन पाणी धरा. विहिरीवरचं घर असेल तर वीज गेली की पंपही बंद, तेव्हा बाथटबही भरा.

फावडं मारताना सकाळी उठून थेट भिडू नका. थंडीत अचानक ताकद लावल्याने हृदयावर ताण येतो आणि दर हिवाळ्यात असे बळी जातात. पन्नाशीपुढच्यांनी आणि बीपी-शुगरवाल्यांनी पोराला पाठवावं नाहीतर पैसे देऊन काम करून घ्यावं. बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा, आणि सगळा पडून व्हायची वाट न पाहता दोन-तीन टप्प्यांत काढावा. ड्राइव्हवेच्या तोंडाचा बर्फ रस्त्याकडे तोंड करून उजव्या बाजूला टाका. डावीकडे टाकलात तर प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, तोच ढीग परत तुमच्या दारात आणतो. साधं रॉक सॉल्ट १५ अंश फॅरेनहाइटखाली फारसं काम करत नाही. त्याहून थंड असेल तर कॅल्शियम क्लोराइड आणा.

बर्फात अडकलेली गाडी गरम करायला चालू केलीत तर आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा.

वीज गेल्यावर ‘काय काय खराब झालं’ म्हणून फ्रिज उघडून पाहणं थांबवा. दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजमधलं दूध, पनीर, मटण, शिजवलेलं अन्न ४० अंश फॅरेनहाइटच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. वास ठीक वाटतोय म्हणून चाखून बघू नका. फ्रीजरमधल्या खोबऱ्याच्या आणि मटारच्या पिशव्यांत अजून बर्फाचे कण दिसत असतील तर त्या पुन्हा गोठवायला हरकत नाही.