शूटिंग क्लबात नवीन आलात? नुसत्या 'चालशे'वर विसंबू नका

एअर पिस्तूल सुरू करणारी मुलं-मुली भेटतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणतं पिस्तूल घ्यावं, कोच कोण चांगला, स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, किती स्कोअर लागतो. क्लबात वाद झाला तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. बडोद्यात माझ्या बरोबरीने सुरुवात करून ज्यांनी खेळ सोडला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा ग्रुप (टार्गेटवर शॉट्सचा पडणारा पुंजका) माझ्यापेक्षा चांगला पडत होता. ते वैतागले ते क्लबातल्या कुरबुरींना. मीही सोडण्याच्या बेतात होते. आज मी रेंजवर आरओ (रेंज ऑफिसर) म्हणून उभी राहते, तरी ते दिवस आठवले की पोटात कालवतं.

खाजगी क्लब म्हटला की कार्यकारिणी आली, जुने मेंबर आले, त्यांच्या ठरलेल्या लेन (नेम मारायला उभं राहायच्या जागा) आल्या, आणि 'आमच्याकडे असंच करतात' हे वाक्यही आलं. तुम्हाला पहिल्या दिवशी 'नियम' म्हणून जे सांगतात, त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. काही सुरक्षिततेचे नियम असतात. काही स्पर्धेचे, म्हणजे आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमपुस्तकातले. आणि बाकीची सगळी त्या क्लबाची रीत. कुठली गोष्ट कशात मोडते हे ओळखता येईपर्यंत तोंड बंद आणि कान उघडे ठेवा. एक अपवाद सोडून.

तो अपवाद सुरक्षिततेचा. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, भरायची ती फायरिंग लाइनवर आणि आदेश झाल्यावरच. लाइनच्या पुढे कुणीही गेलेलं असेल तर हत्याराला हात लावायचा नाही, साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू फिरवायलासुद्धा नाही. हे कुणी मोडत असेल तर त्याचं वय, हुद्दा, मेडल काहीही बघू नका. मोठ्याने 'स्टॉप' म्हणा. रेंजवर बारा वर्षांच्या मुलीनेही अध्यक्षांना थांबवायचं असतं, आणि अध्यक्षांनी थांबायचं असतं.

हे मला फार जड गेलं, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर दांडिया बाजारातलं. घरातले काका-आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या वळणातले, प्रा. माणिकरावांचं नाव घेताना आवाज खाली आणणारे. आखाड्यात वडीलधाऱ्याचा शब्द म्हणजे शब्द, उलट विचारायचं नाही, ही शिस्त माझ्यात मुरलेली. त्या शिस्तीबद्दल मला आजही आदर आहे, तिनेच मला तासन्‌तास एका जागी उभं राहायला शिकवलं. पण रेंजवर ती जशीच्या तशी आणली तर कुणाचा तरी डोळा जाईल.

सेफ्टी फ्लॅगवरून होणारे वाद हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. भगव्या किंवा तशाच झगझगीत रंगाची ती लांब दोरी, एअर पिस्तुलाच्या संपूर्ण नळीतून आरपार गेलेली असावी लागते. जुने मेंबर चिडतात. 'मी लिव्हर उघडून ठेवलंय, दिसत नाही का? माझ्यावर विश्वास नाही?' विश्वासाचा प्रश्नच नाही. लिव्हर उघडं असलं तरी पेलेट आत बसलेली आहे की नाही हे शेजारच्या लेनवरून दिसत नाही, मागे उभ्या असलेल्या आरओला तर नाहीच नाही. फ्लॅग असतो तो बाकीच्यांना दिसावं म्हणून. नळीच्या तोंडातून त्याचं टोक बाहेर आलेलं दिसलं की आत पेलेट नाही हे लांबूनही कळतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. 'काका, फ्लॅग घालता का जरा?' एवढंच म्हणायचं. काका रागावले तर रागावू द्या.

आता ज्या सापळ्यात मी सापडले त्याबद्दल. हे सविस्तर सांगणार आहे, कारण यात दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं.

तोंडी परवानगी.

आमच्या क्लबात संध्याकाळी लेन मिळायच्या नाहीत. थांबून थांबून हात थंड पडायचे. कार्यकारिणीतल्या एका सद्‌गृहस्थांनी मला सांगितलं, मागच्या बाकाजवळ भिंतीकडे तोंड करून ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा सराव) करत जा. मी विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, 'अरे बेन, चालशे!' 'चालेल' म्हणणाऱ्या या गुजराती शब्दाची ताकद बडोद्यात राहणाऱ्याला वेगळी सांगायला नको. आपण मराठी माणसंही घरात सर्रास तो वापरतो. मी करत राहिले, सगळ्यांच्या देखत, कित्येक महिने. मग एका मेंबरने लेखी तक्रार केली की ही मुलगी लाइनच्या मागे हत्यार हाताळते. तक्रार नियमाला धरून होती. आयएसएसएफच्या नियमात ड्राय फायर आणि नेम धरण्याचा सराव फक्त फायरिंग लाइनवर किंवा त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच करता येतो, तोही परवानगीने. मला बैठकीत बोलावलं. 'चालशे' म्हणणारे तिथेच बसले होते. ते टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिले. माझी लेन बंद झाली, नेमकी स्टेटच्या तोंडावर.

यात लक्षात घेण्यासारखं बरंच आहे. पहिलं म्हणजे, ज्यांनी परवानगी दिली त्यांना ती द्यायचा अधिकारच नव्हता. एकट्या सभासदाला, तो कार्यकारिणीतला का असेना, रेंजचा सुरक्षा नियम सैल करता येत नाही. जागा ठरवून द्यायची तर ती कार्यकारिणीने ठरवायची, फळ्यावर लावायची, आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या आरओला ती माहीत असायची. दुसरं, तोंडी परवानगी ही देणाऱ्याची मर्जी असते. तो मेंबर आज खूश आहे म्हणून चालतं. उद्या त्याचं आणि तक्रार करणाऱ्याचं निवडणुकीत जमलं की चालत नाही. तिसरं, आणि हे सगळ्यात बोचणारं, ज्यांनी महिनोन्‌महिने बघितलं त्यांच्यापैकी कुणीही नंतर बोलत नाही. ते वाईट असतात असं नाही. त्यांनाही लेन हवी असते.

म्हणून कुणी 'चालेल' म्हटलं की त्याच दिवशी क्लबाच्या सचिवांना मेसेज करा. साधा, गोड भाषेतला. 'सर, अमुक जागी ड्राय फायर करायला हरकत नाही असं आज समजलं. तसं असल्यास कृपया कळवावं, म्हणजे मी सुरू करते.' उत्तर आलं तर जपून ठेवा. नाही आलं तर ती गोष्ट करू नका. मेसेज टाकायला संकोच वाटतो, एवढ्याशा गोष्टीला कशाला लिहायचं असं वाटतं, मोठ्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तरी टाका. गेस्ट आणणं, क्लबाचं पिस्तूल स्पर्धेला नेणं, दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये उभं राहणं, क्लबाच्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरून आपल्या पिस्तुलाचा सिलिंडर भरून घेणं, या सगळ्याला हेच लागू. अनामत रक्कम परत मिळण्याबद्दल कुणी तोंडी आश्वासन दिलं असेल तर त्याला दुप्पट लागू. क्लबाची घटना वाचायला मागा. 'नवीन मुलांना कशाला हवी घटना' असं उत्तर आलं, तर त्या क्लबाची फी भरायच्या आधी दुसरा क्लब बघून या.

मी हे इतकं ताणून सांगते म्हणून घाबरू नका. बहुतेक वाद इतके वाढत नाहीत. बहुतेक वाद वेळेचे असतात.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ शॉट्सना 75 मिनिटं मिळतात आणि त्याआधी तयारी व सायटिंगची (नेम जुळवायच्या शॉट्सची) 15. म्हणजे पूर्ण मॅचचा सराव म्हणजे दीड तास. क्लबाचा स्लॉट एक तासाचा. यातच सगळं भांडण आलं. शेवटची सीरिज (दहा शॉट्स) राहिलेली असते, मागे पुढचा मेंबर घड्याळ बघत उभा असतो, आणि 'दोन मिनिटं, दादा' म्हणत आपण पंधरा मिनिटं खातो. त्याने खेकसावं यात त्याचं काही चुकलं नाही. पूर्ण मॅच मारायची असेल त्या दिवशी आधीच लागोपाठचे दोन स्लॉट घ्या. रोज पूर्ण मॅच मारायची नसतेच. नवीन असाल तर एका तासात तीस चांगले शॉट्स पुष्कळ झाले.

फोन, गप्पा, शेजाऱ्याच्या स्क्रीनवर नजर, 'आज काय झालं रे, आठच्या खाली चाललंय' असली टिप्पणी, हे टाळा. दुसऱ्याचं पिस्तूल न विचारता उचलू नका. ग्रिप प्रत्येकाने स्वतःच्या हाताप्रमाणे घासून, पुट्टी लावून बसवलेली असते.

कोचबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. खांद्यामागे उभं राहून प्रत्येक शॉटला बोलणारा कोच मला पटत नाही. स्पर्धेत फायरिंग लाइनवर तोंडी कोचिंगला मनाई आहे, खुणांनी काय सांगायचं ते सांगता येतं. बोलायचं तर परवानगी घेऊन लाइन सोडावी लागते. क्लबात कानाशी बोलणाऱ्याची सवय लागली तर स्टेटला तुम्ही पोरके होता. शिवाय शेजारच्या लेनला त्रास होतो तो वेगळाच, अर्ध्या कुरबुरींचं मूळ हेच. आणि मुलींनो, स्टान्स (उभं राहायची ढब) सुधारायच्या नावाखाली न विचारता हात लावणाऱ्याला पहिल्याच वेळी थांबवा. चांगला कोच आधी विचारतो, किंवा स्वतः उभं राहून दाखवतो. इथे गोड भाषेची गरज नाही. त्याच दिवशी सचिवांना लेखी कळवा आणि घरीही सांगा.

'सहा महिन्यांत नॅशनल' म्हणणारे आणि पहिल्या महिन्यात स्विस किंवा ऑस्ट्रियन पिस्तूल घ्यायला लावणारे, दोघांपासून लांब राहा. क्लबाच्या पिस्तुलावर ग्रुप आवळत आणा, मग बघू. ट्रिगर हलका करून देतो म्हणणारेही भेटतील. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा भार पेलावा लागतो. स्पर्धेत तो वजन लावून तपासतात. क्लबात मारलेला स्कोअर हलक्या ट्रिगरचा असेल तर तो तुमचा नव्हे.

क्लबातली सैल सवय स्पर्धेत कशी नडते याचं एक उदाहरण देते. सराव संपला की बहुतेक जण पिस्तूल उचलतात, केसमध्ये घालतात आणि निघतात. स्पर्धेत आरओने हत्यार रिकामं असल्याचं तपासल्याशिवाय ते केसमध्ये ठेवायचं नसतं, लाइनवरून हलवायचं नसतं. प्रकरण गंभीर वाटलं तर ज्युरी बादही करू शकते. म्हणून क्लबात आरओ कंटाळला तरी हात वर करून त्याला बोलवा आणि दाखवा. पिस्तूल बिघडलं तरी तेच. हात वर, नळी टार्गेटकडे, आणि थांबायचं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल मॅचच्या मध्ये बिघडलं, तेव्हा तिलाही लेन सोडून दुरुस्ती करून परत यावं लागलं आणि मोलाची मिनिटं गेली. त्याच मनूने 2024 साली पॅरिसमध्ये दोन ब्राँझ मिळवली.

राज्य संघटनेच्या स्पर्धांनंतर तुम्ही मावळंकर स्पर्धेपर्यंत पोचाल, नॅशनलची वाट तिथून जाते. ती ज्यांच्या नावाने आहे ते ग. वा. मावळंकर 1888 साली आपल्या बडोद्यातच जन्मले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष. सभागृहात नियमाने बोलायला लावणारा माणूस या खेळाच्या मुळाशी आहे, याचं मला लेन बंद असतानाच्या काळात फार बळ वाटायचं. तेव्हा मी क्लबाची घटना पहिल्यांदा पूर्ण वाचली, नियमपुस्तक वाचलं, आणि कार्यकारिणीला एक पानी अर्ज दिला. त्यात कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आरोप केला नाही. ड्राय फायरसाठी एक जागा आखून द्यावी, तिथे नळीची दिशा ठरवून फलक लावावा, एवढीच मागणी. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग दोन जुन्या मेंबरनीच तो विषय सभेत घेतला, त्यातले एक फ्लॅगवरून माझ्यावर डाफरलेले काका होते. आता तिथे पिवळी रेघ आहे.

म्हणून वाद झाला तर लेनवर उत्तर देऊ नका, हातात हत्यार असताना तर मुळीच नाही. अनलोड करा, फ्लॅग घाला, मागे या. क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही लिहू नका, तिथलं वाक्य तोडून-मोडून सभेत वाचलं जातं. त्याच दिवशी काय झालं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा, नियमाचा आधार शोधा, आणि दुसऱ्या दिवशी सचिवांना द्या. नियम सापडला नाही तर ती रीत आहे असं समजा. रीत पटत नसली तरी वर्षभर पाळा. वार्षिक सभेत मत मांडायला जागा असते, आणि तोपर्यंत तुमचा चेहरा लोकांना रोज वेळेवर येणारा म्हणून माहीत झालेला असतो.

आणि स्टेटच्या आधीच्या महिन्यात स्लॉट आगाऊ नोंदवा, पावती घ्या. त्या दिवसांत सगळेच चिडलेले असतात. सकाळी पहिला स्लॉट मिळाला तर तोच घ्या, तेव्हा रेंजवर फारसं कुणी नसतं.