जीएनएस-३ ची लॅब लॅपटॉपच्या नेटवर्कला जोडताना या चुका टाळा

"सर, राऊटरला आयपीच येईना गेलाय. लॅपटॉपवर नेट तर चालायलंय!" संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करणाऱ्या पोरांची ही ठरलेली तक्रार. तोवर त्यांनी राऊटरचं कॉन्फिगरेशन दोन-चारदा पुसून पुन्हा लिहिलेलं असतं. तिथं बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. घोटाळा असतो लॅब (जीएनएस-३ या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं राऊटर-स्विचचं आभासी नेटवर्क) आणि लॅपटॉप यांच्यामधल्या सांध्यात.

सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर लॅब बाहेर जोडायची खटपट करणार असाल तर सोडून द्या. तो सिम्युलेटर आहे, त्यातल्या राऊटरचं पिंग तुमच्या घरच्या राऊटरपर्यंत जात नाही. त्यासाठी राऊटरचं खरं सॉफ्टवेअर चालवणारं जीएनएस-३ किंवा ईव्ह-एनजीसारखं एम्युलेटर लागतं.

क्लाउड नोड थेट वायफायला जोडणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. क्लाउड नोड (लॅबला लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाशी जोडणारा आयकॉन) ओढला, त्यात वायफाय कार्ड निवडलं, राऊटरची तार जोडली. चित्रात सगळं बरोबर दिसतं, पण डीएचसीपीला, म्हणजे आपोआप आयपी मागणाऱ्या विनंतीला, उत्तर येत नाही. कारण वायफायचा ॲक्सेस पॉइंट फक्त जोडणी केलेल्या मॅक ॲड्रेसला (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याला) ओळखतो, म्हणजे लॅपटॉपच्या कार्डाला. लॅबमधल्या राऊटरचा मॅक वेगळा. त्याची फ्रेम कार्डाचा ड्रायव्हर अडवतो, नाहीतर ॲक्सेस पॉइंट टाकून देतो. "मग माझी उबुंटूची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) ब्रिजवर कशी चालते?" असं कुणीतरी विचारतंच. व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स वायफायवर मॅकची अदलाबदल करून देतात, क्लाउड नोड करत नाही.

लॅन केबल असेल तर प्रश्न मिटला. पण रूमवर किंवा गावाकडं बहुतेकांचं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं. अशा वेळी नॅट नोड वापरा, तो लॅबची पाकिटं लॅपटॉपच्याच पत्त्यावरून बाहेर पाठवतो. विंडोजवर त्यासाठी जीएनएस-३ ची व्हीएम चालू लागते. राऊटरला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि लॅब बाहेर जाते. मात्र लॅपटॉपवरून लॅबमध्ये शिरायचं असेल, उदाहरणार्थ पुट्टीनं एसएसएच करायचं किंवा पायथनची स्क्रिप्ट चालवायची, तर लूपबॅक ॲडॉप्टर (विंडोजमधलं आभासी नेटवर्क कार्ड) लागतो.

लूपबॅक बसवताना

डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'ॲड लेगसी हार्डवेअर'मधून 'मायक्रोसॉफ्ट केएम-टेस्ट लूपबॅक ॲडॉप्टर' घाला आणि मशीन रीस्टार्ट करा. तरीही तो क्लाउडच्या यादीत नसेल, तर एनपीकॅप (पाकिटं पकडणारा ड्रायव्हर) आहे का ते बघा आणि जीएनएस-३ ॲडमिन म्हणून उघडा. यादीत नुसतेच ईटीएच०, ईटीएच१ (व्हीएमची कार्डं) दिसत असतील, तर क्लाउड व्हीएमवर ठेवला गेलाय. तो काढा आणि नव्यानं ठेवताना सर्व्हर म्हणून स्वतःचा कॉम्प्युटर निवडा.

समजा लूपबॅकला १०.१०.१०.१ दिला आणि राऊटरला १०.१०.१०.२. आता लूपबॅकच्या गेटवेचा रकाना कोरा ठेवा. रिकामा बरा दिसत नाही म्हणून पोरं तिथं राऊटरचा पत्ता भरतात. मग लॅपटॉपला दोन डीफॉल्ट रस्ते होतात आणि कधीकधी चालू नेटही बंद पडतं.

जाताना रस्ता, येताना नाही

लूपबॅकला जोडलेल्या आर-१ राऊटरवरून लॅपटॉपला पिंग जातं, त्यामागच्या आर-२ राऊटरवरून जात नाही. आर-२ च्या रूटिंगमध्ये डोकं घालण्याआधी लूपबॅकवर वायरशार्क (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा. आर-२ ची रिक्वेस्ट येताना दिसते, रिप्लाय मात्र तिथून निघत नाही. आर-२ चं १७२.१६.०.० हे नेटवर्क आर-१ च्या मागं आहे हे लॅपटॉपला कुणी सांगितलंच नाही, म्हणून त्यानं उत्तर डीफॉल्ट गेटवेकडं, म्हणजे हॉटस्पॉटकडं धाडलं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'राऊट ॲड' कमांडनं १०.१०.१०.२ मार्गे रस्ता घाला. सोबत मायनस पी दिलं तर तो रीस्टार्टनंतरही टिकतो. नॅट नोडला असा परतीचा रस्ता शिकवत बसू नका. आर-२ ला इंटरनेट हवं असेल तर आर-१ वरच नॅट ओव्हरलोड (सगळ्यांना एकाच पत्त्यावरून बाहेर काढणं) करा.

फायरवॉल

लॅपटॉपवरून राऊटरला पिंग जातं, उलट जात नाही, तर विंडोजचा फायरवॉल समजा. लूपबॅक बहुधा 'पब्लिक' नेटवर्क धरला जातो. इनबाउंड नियमांत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'खालचा आयसीएमपीव्ही४ इको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंगचा, नियम त्या प्रोफाइलसाठी चालू करा. अख्खा फायरवॉल बंद करू नका, तो परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एकच सबनेट दोन्हीकडं

घरचा राऊटर १९२.१६८.१.० वर आणि लॅबमध्येही तेच. मग पाकिटं कुठं जातील याचा नेम नाही. लॅब १० किंवा १७२.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर न्या. विंडोजचं इंटरनेट शेअरिंग लूपबॅकवर चालू केलं, तर त्याचा पत्ता आपोआप १९२.१६८.१३७.१ होतो, तेव्हा राऊटरचाही बदला.

कॉलेजच्या लॅनवर

इथं मात्र विचारल्याशिवाय जोडू नका. जीएनएस-३ मधल्या राऊटरवर डीएचसीपी पूल (पत्ते वाटायची सोय) चालू राहिला, तर शेजारच्या मशीन त्याच्याकडून पत्ता घेतात आणि कॉलेजच्या अख्ख्या कॉम्प्युटर लॅबचं नेट जातं. सिस्कोच्या इमेजवर चालणारा व्हर्च्युअल स्विच बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते निरोप) सोडतो. समोरच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड असेल तर तो पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे बंद पडतो, आणि मग लॅन सांभाळणाऱ्या सरांना शोधत फिरावं लागतं.

आणि पहिल्या पिंगला '.!!!!' आलं तर घाबरू नका. पहिलं पाकीट एआरपीचं (समोरच्याचा मॅक विचारणाऱ्या विनंतीचं) उत्तर येईपर्यंत गळतं, पुढच्या पिंगला पाचही उद्गारचिन्हं दिसतील.