कमी उजेडाच्या टाकीत मागची हिरवळ

साधा दिवा असलेल्या माशांच्या टाकीत मागे लावलेली लाल, नाजूक पानांची झाडं महिनाभरात खालून झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. त्यापेक्षा सुरुवातच चिवट झाडांनी करा.

१. व्हॅलिस्नेरिया: रिबिनीसारखी लांब पानं. मुळं वाळूत, पण पांढरट बुंधा वरच ठेवा, नाहीतर कुजतो. एकदा रुजली की धावत्या फांद्यांनी मागची भिंत स्वतःच भरते. माझी पहिली पसंती हीच.

२. जावा फर्न: दोऱ्याने लाकडाला किंवा उंच दगडाला बांधा. आडवं, जाड खोड वाळूत पुरू नका. पानामागचे काळे ठिपके रोग नव्हे, बीजाणू असतात. मी आधी अशी चांगली पानं छाटून टाकली होती!

३. हॉर्नवर्ट: मुळंच नसतात. दगडाखाली अडकवा किंवा तरंगू द्या.

दिवा ६ ते ८ तास पुरे. जास्त ठेवलात तर शेवाळंच वाढेल.

जपायचं एकच: शेवाळ घालवायला वापरतात त्या ‘लिक्विड कार्बन’ नावाच्या द्रवाने व्हॅलिस्नेरियाची पानं विरघळू शकतात. ती असेल तर बाटली उघडूच नका.